उत्तर पेपरातच छापलेले असते

कन्हेरीचे नाव राज्यभर ऐकू येते ते निवडणुकीच्या दिवसांत. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ इथल्या मारुतीसमोर फुटतो, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या देवळाबाहेर उभ्या राहतात आणि संध्याकाळपर्यंत निघूनही जातात. गावात दरवर्षी आणखी एक हंगाम येतो, त्याच्याकडे कोणाचा कॅमेरा वळत नाही. दिवाळी सरते, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, बारामती-इंदापूर रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरतो आणि ज्या घरात दहावीचे मूल आहे तिथे एक विचारणा सुरू होते : इंग्रजीचे काय? गणिताचीही धास्ती असते, पण गणित अडले की मूल तसे सांगते. इंग्रजीत आपले नेमके काय अडते हे मुलाला सांगता येत नाही आणि आईबापांना विचारता येत नाही.

या विचारणेला गावात दोन उत्तरे मिळतात. पहिले व्यवहारी माणसाचे : पोराला पस्तीस पडू देत, पुढचे पुढे बघू. त्यासाठी गाइड आणा, ‘२१ अपेक्षित’ आणा, पत्राचा नमुना आणि कवितेच्या रसग्रहणाच्या चार ओळी घोकून घ्या. दुसरे उत्तर पुण्यात नोकरी करणाऱ्या मामाचे, किंवा शाळेतल्या जीव तोडून शिकवणाऱ्या एखाद्या बाईंचे : घोकून पास होईल, पण भाषा येणार नाही, वाचू दे, बोलू दे, चुकू दे, गुण मागून येतील. दोघेही मुलाच्या भल्याचेच बोलतात. दोघांचेही थोडे थोडे चुकते. ते कुठे, हे कळायला आधी पेपर हातात घेऊन बघावा लागतो, आणि पालक नेमके तेवढेच करत नाहीत. इंग्रजीतला कागद म्हणून तो बाजूला ठेवला जातो.

राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी ही तृतीय भाषा असते. पुस्तक बालभारतीचे, ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. लेखी परीक्षा ८० गुणांची, शाळेच्या हातात २०. लेखीतल्या ८० पैकी भाषाभ्यासाला १०, पुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २०, कवितेला १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्यासोबतचे सारांशलेखन मिळून १५, पत्र आणि संवाद किंवा भाषण अशा लेखनाला १०, तक्ता-आकृतीवरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता आणि जोडीला कल्पनाविस्तारासारखे लेखन याला १०, आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतराला ५. ही वाटणी एकदा नीट पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुस्तकातले उतारे, कविता आणि बाहेरचा उतारा मिळून ४५ गुण होतात आणि या ४५ गुणांचा सगळा मजकूर पेपरावर छापलेला असतो. त्यातला एखादा प्रश्न मुलाचे स्वतःचे मत विचारतो, एखादा व्याकरणाचा असतो. बाकीची उत्तरे त्या छापील ओळींमध्येच बसलेली असतात. ती शोधायची आणि जागच्या जागी लिहायची.

म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकेची ही कृतिपत्रिका झाली तेव्हा मंडळाने एक मोठा बदल केला. मुलाने वर्षभर काय लक्षात ठेवले हे विचारणे कमी केले आणि समोरचे वाचता येते का, हे विचारायला सुरुवात केली. आमच्याकडची तयारी मात्र जुन्या पेपराची राहिली. लियाम ओ’फ्लॅहर्टी यांचा ‘हिज फर्स्ट फ्लाइट’ हा पाठ घ्या. उडायला घाबरणारे समुद्रपक्ष्याचे पिल्लू, उपाशी ठेवून त्याला कड्यावरून उडायला लावणारे आईबाप. गोष्ट अशी की गावातल्या कोणत्याही पोराला आवडावी. पण पोरे गोष्ट वाचत नाहीत. पिल्लू का घाबरले होते, या प्रश्नाचे गाइडमधले चार ओळींचे उत्तर पाठ करतात. परीक्षेत हाच उतारा आला तर पिल्लू का घाबरले ते पेपरातच लिहिलेले असते, आणि मूल तिकडे न बघता छताकडे पाहत पाठ केलेले आठवत बसते. आठवले तर वेळ जातो, नाही आठवले तर जागा कोरी राहते. याहून वाया गेलेली मेहनत दुसरी कोणती असेल?

व्यवहारी माणसाचे चुकते ते इथे. तो पाठांतराचा आग्रह धरतो म्हणून नव्हे. ज्या पेपरासाठी धरतो तो पेपरच आता राहिलेला नाही.

पण त्याची बाजू इतक्यावर संपत नाही आणि ती झटकून टाकणे हा शहरी उर्मटपणा होईल. दहावी पास हा कागद गावात फार गोष्टींचे दार आहे. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना तो लागतो. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते आणि तिथे गणित व इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते. मुलीच्या बाबतीत तर दहावी अडली की शिक्षण थांबवायला घरच्यांना निमित्त मिळते आणि लग्नाची बोलणी पुढे सरकतात. अशा घरात भाषेचा आनंद वगैरे सांगणाऱ्याकडे आई शांतपणे बघते आणि विचारते, मास्तर, पास होईल का तेवढे सांगा. या प्रश्नाला टाळाटाळ करणारे उत्तर देण्याचा अधिकार कोणाला नाही. दोन-तीन वर्षांत ज्याला इंग्रजी वाक्य धड वाचता आलेले नाही त्याला फेब्रुवारीत ‘भाषा अनुभव’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

शिवाय साचा म्हणजे सगळेच वाईट, असेही नाही. पत्रात पत्ता कुठे, तारीख कुठे, विषय कुठे, शेवटी ‘युवर्स फेथफुली’ कधी आणि ‘युवर्स लव्हिंगली’ कधी, हे पाठच करायचे असते. मराठी अर्जातही ‘वरील विषयास अनुसरून’ हे आपण कुठे रचतो? इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही सरकारी पत्र साच्यातच लिहितात. कोऱ्या कागदासमोर गारठलेल्या मुलाला साच्याची पहिली ओळ धीर देते, पेन हलवते. आणि तपासणाऱ्याचाही विचार करावा. गठ्ठ्यातल्या पेपरांमधून जाणाऱ्या शिक्षकाला नीट मांडलेले, ओळखीच्या वळणाचे पत्र दिसले की गुण सहज पडतात. स्वतःच्या मनातले, पण क्रियापद चुकलेले, मांडणी विस्कटलेले पत्र त्याच्या वाट्याला येते तेव्हा तो उदार होईलच असे नाही. काठावरच्या मुलाला स्वतंत्र लिहायला सांगताना ही जोखीम मामा घेत नसतो, मुलगा घेत असतो.

मग साच्याची हद्द कुठे? मला वाटते, साचा पाठ करावा, उत्तर पाठ करू नये. पत्राची चौकट पाठ असलेल्या मुलाला विषय बदलला तरी चालते. ‘पुस्तक-विक्रेत्याकडून सदोष पुस्तके आली’ हे आख्खे पत्र पाठ केलेल्या मुलाला विषय बदलला की काहीच उरत नाही, मग तो सायकलच्या दुकानदारालाही पुस्तकांची तक्रार करतो. तपासणाऱ्यांच्या गप्पांमध्ये असे किस्से खूप असतात. त्यावर हसणे सोपे आहे. त्या पोराने ते आख्खे पत्र चुकीशिवाय लिहिले असते, म्हणजे त्याच्या डोक्यात कष्टाची कमतरता नव्हती. कष्ट कुठे घालायचे हे त्याला कोणी दाखवले नव्हते.

आता दुसऱ्या बाजूकडे. मामा म्हणतात, भाषा आली की गुण येतात. हे सत्य आहे, पण पाच-सात वर्षांच्या मुदतीतले. दहावीच्या दिवाळीनंतर तेवढी मुदत नसते. आणि या भागातल्या मुलाचा दिवस कसा जातो तेही पाहिले पाहिजे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीची आली तर उसाला पाणी धरायला घरातला थोरला मुलगा जातो. सकाळी तो वर्गात डुलक्या घेतो. ज्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांची सुटीही मोकळी नसते. बाहेरून ऊसतोडीला आलेल्या टोळीतले दहावीचे मूल तर हंगामभर आपल्या शाळेपासून तुटलेलेच असते. गळीत ऐन भरात असते तेव्हाच परीक्षा येते. ‘रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र वाच’ हा सल्ला या दिनक्रमात बसत नाही, आणि इंग्रजी वर्तमानपत्र तरी गावात येते कुठे?

तरीही मामांच्या म्हणण्यातला गाभा सोडून देता येत नाही, कारण दहावीनंतर काय होते ते आपण पाहतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठान आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कन्हेरीच्या मुलाला हे सगळे घरून जाऊन-येऊन करता येण्याजोग्या अंतरावर. अकरावीला विज्ञान घेतले की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र एका रात्रीत इंग्रजीत होतात. ज्याने दहावीला पत्र आणि रसग्रहण पाठ करून साठ मिळवले, तो पहिल्या चाचणीत पाठ्यपुस्तकाचे पान उघडतो आणि त्याला वाक्याचा कर्ता सापडत नाही. विषय कळत नाही असे त्याला वाटते. खरे तर विषय नव्हे, वाक्य कळलेले नसते. सेमी इंग्रजीची मुले थोडी सावरतात, पण तिथेही व्याख्या इंग्रजीत पाठ आणि समज मराठीत, असा दुहेरी संसार पुष्कळदा चालतो. एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरोसारख्या कंपन्या आल्या. तिथल्या यंत्रावरची सूचना, सुरक्षेचा फलक, कामाचा अहवाल यांना चौकट पुरत नाही, वाचता यावे लागते. पस्तीसचा कागद दार उघडतो हे खरे. आत गेल्यावर तो उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे.

इथे मंडळाच्या एका चांगल्या हेतूच्या नियमाचाही थोडा हात आहे. २०१० पासून दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते. मुलांवरचा ताण त्यामुळे कमी झाला यात शंका नाही. पण मराठी माध्यमातल्या हुशार मुलाचा सहावा, गळणारा विषय बहुधा इंग्रजीच असतो. मग तो आणि त्याचे शिक्षक मिळून हिशेब करतात : इंग्रजीत पास होण्यापुरते बघू, जोर गणित-विज्ञानावर लावू. नव्वद टक्क्यांच्या आनंदात कोणाच्या लक्षात येत नाही की ज्या विषयावर त्याची पुढची सगळी वर्षे उभी राहणार आहेत तोच त्याने गाळला आहे. काठावरचे मूल इंग्रजीला घाबरून साच्याकडे जाते. हुशार मूल हिशेब करून जाते. मला दुसऱ्याची काळजी अधिक वाटते, कारण त्याला वेळही होता आणि कुवतही.

पेपर कडक केला म्हणजे भाषा सुधारेल, असे मानणाऱ्यांसाठी २०१९ चा निकाल आहे. त्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे शाळेकडचे गुण काढून घेतले होते. आदल्या वर्षी, २०१८ ला, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. ओरड झाली, शाळेकडचे २० गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. या तीन आकड्यांवरून दोन्ही बाजू आपापले म्हणणे सिद्ध करतात. एक म्हणते, बघा, शाळा गुणांची खिरापत वाटत होत्या, ती थांबली आणि खरी पातळी दिसली. दुसरी म्हणते, बघा, बोलण्याचे गुण काढले आणि गरिबाची मुले नापास केली. दोघांनी जरा थांबावे. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, पेपराचा आराखडाही नवा होता. पडझड एकट्या तोंडी गुणांच्या नावावर टाकता येत नाही. आणि २०२० चा निकालही निर्भेळ नव्हता, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते. एवढे मात्र निश्चित सांगता येते की कडक वर्षात मुलांची भाषा सुधारली याचा कुठलाच पुरावा समोर आला नाही, आणि गुण परत आल्यावर ती बिघडली याचाही आला नाही. गुणांचा नळ उघडला-बंद केला, मुले होती तिथेच राहिली.

मुले तिथेच का राहतात, हा प्रश्न मागे नेतो. मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ते पहिलीपासून आणले. तेव्हा मोठा वाद झाला. मराठीचे काय होईल, ही चिंता होती, आणि खेड्यातल्या मुलाला शहराच्या बरोबरीने संधी मिळेल, ही आशा होती. पाव शतकानंतर आजचे दहावीचे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकून परीक्षेला बसते. भीती म्हणावी तशी खरी ठरली नाही, आशाही म्हणावी तशी नाही. दहा वर्षे म्हणजे काय, तर आठवड्याच्या काही तासिका, त्यातही शिक्षक मराठीतून इंग्रजीचा अर्थ सांगतात आणि मुले तो पेन्सिलीने ओळींच्या वर लिहितात. भाषा कानावर पडतच नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी उचलले असे अभिमानाने सांगतात, पण त्यात किती जण गळाले हे कोणी सांगत नाही. पेपरातला भाषांतराचा पाच गुणांचा प्रश्न त्याच घराण्यातला; तो मात्र ठेवला हे बरे झाले. मुलाला मराठी येते याचे पेपरात कुठे तरी मोल हवेच.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३ साली देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. साधी इंग्रजी वाक्ये वाचता येणारी मुले ५७.३ टक्के निघाली. त्यांच्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांना वाचलेल्या वाक्यांचा अर्थही सांगता आला. पहिल्या आकड्यावर बातम्या झाल्या. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो. ज्याला ओळ सरळ वाचता येते, त्याला ती बहुतेक वेळा कळतेही. अडते ते आधीच्या पायरीवर, अक्षरांपासून आवाजापर्यंत जाण्यात. आणि आमच्याकडे दहावीत पोहोचलेल्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगणे म्हणजे त्याचा अपमान, अशी समजूत आहे. सातवीनंतर वर्गात प्रकट वाचन जवळजवळ बंद होते.

म्हणून कन्हेरीतल्या किंवा शेजारच्या काटेवाडीतल्या दहावीच्या मुलासाठी मी जो क्रम सुचवीन तो दोन्ही बाजूंना अर्धवट वाटेल. दिवाळीपासून पूर्वपरीक्षेपर्यंत पुस्तकातला प्रत्येक उतारा मोठ्याने वाचायचा, रोज एक, दोघा-तिघांनी मिळून. गाइडची उत्तरे बंद. उताऱ्याखालचे प्रश्न सोडवताना उत्तर ज्या ओळीत सापडले त्या ओळीखाली रेघ मारायची, एवढीच अट. ज्याला ही रेघ मारता येऊ लागली त्याचा उताऱ्यांचा धाक निम्मा गेला. पुस्तकाबाहेरचा उतारा म्हणून घरातलेच कागद चालतात : ठिबकच्या संचाबरोबर आलेली माहितीपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची सूचना, मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश. घरात इंग्रजी नाही हे पूर्ण खरे नसते. ते फवारणीच्या डब्यावर बारीक टाइपात असते आणि ते वाचता न येण्याचे मोल शेतात मोजावे लागते.

पूर्वपरीक्षेनंतर मात्र व्यवहारी माणसाचे ऐकायचे. तेव्हा पत्राची चौकट, भाषणाची सुरुवात-शेवट, रसग्रहणाचे मुद्दे पक्के करायचे. भाषाभ्यासाचे दहा गुण, म्हणजे शब्द अकारविल्हे लावणे, विरामचिन्हे घालणे, एका शब्दातल्या अक्षरांतून चार शब्द काढणे, शब्दसाखळी पुरी करणे. हे काठावरच्या मुलाचे हक्काचे गुण आहेत आणि पोरखेळ समजून सर्वांत जास्त सोडले जातात तेही हेच. तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्यासाठी गाइडमधला हिमालयाच्या शिखरांचा तक्ता कशाला हवा? नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा घ्या, उसाच्या लागणीपासून तोडीपर्यंतचे टप्पे घ्या. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा मेंढ्यांचे रिंगण होते. ते पाहिलेल्या मुलाला त्यावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहायला सांगा. तो अडेल, पण शब्दावर अडेल, विचारावर नाही. शब्द सांगता येतो.

याला एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. एका वर्गात वाक्य वाचता न येणारे मूल आणि नव्वदीचे मूल शेजारी बसते. शिक्षक एकच आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे त्याच्याच गळ्यात. दोघांसाठी दोन तयाऱ्या तो कधी करणार? पूर्णपणे नाही करू शकणार. निवड करायचीच झाली तर मी त्याचा वेळ काठावरच्या मुलाला देईन आणि हुशार मुलाला सांगेन की तुझ्या हातात मोबाइल आहे, तू ऐक, वाच, आणि गाइड कपाटात ठेव. ज्याला साठ मिळणारच आहेत त्याने साच्यावर साठाचे सत्तर करण्यात वर्ष घालवू नये. ज्याला तीसच्या आसपास मिळताहेत त्याने ते खुशाल करावे. एकच सल्ला दोघांना देणे ही दिसायला समानता आहे. आणि एखाद्याचे राहिलेच, तर पुरवणी परीक्षा आहे, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीची वाट बंद होत नाही, हे घरच्यांना परीक्षेच्या आधी सांगितलेले बरे. निकालानंतर ते कोणाला ऐकू येत नाही.

उरतो शाळेच्या हातातल्या २० गुणांचा प्रश्न. त्यात तोंडी परीक्षेचा भाग आहे. कागदावर ती सगळीकडे होते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते. मुलाने तोंड न उघडता त्याला सतरा-अठरा मिळतात. काढून टाका हे गुण, असे म्हणणाऱ्यांना २०१९ चा अनुभव पुरेसा आहे. खरी परीक्षा घ्या आणि खरे गुण द्या, असे म्हणावे तर मुख्याध्यापक विचारतात, शेजारची शाळा अठरा देत असताना आमच्या पोरांना अकरा का? त्यांचेही चूक नाही. माझे म्हणणे इतकेच की गुण द्यायचे ते द्या, पण मुलाला बोलते करून द्या. नाव, गाव, घरी काय पिकते, मारुतीच्या यात्रेत काय पाहिले, हे त्याने इंग्रजीत मोडकेतोडके सांगावे, बाईंनी ऐकावे, मग हवे तर अठरा लिहावेत. साठ मुलांच्या वर्गाला मुलामागे पाच मिनिटे धरली तर पाच तास होतात, पस्तीस मिनिटांच्या नऊ तासिका. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या नाचांच्या तालमीला याहून जास्त तासिका जातात.